मुलांच्या लॅपटॉपवरची वेळमर्यादा पुन्हा पुन्हा सुटते? आधी खातं बघा, मग घड्याळ

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "फॅमिली सेफ्टी लावलं. काही दिवस नीट चाललं. आता पोरगा रात्री अकरा वाजताही खेळतोय आणि माझ्या फोनवर मात्र आजचा वापर शून्य मिनिटं दिसतोय." मग मर्यादा नव्याने लावली जाते, थोडे दिवस टिकते, परत सुटते. असं दोन-तीनदा झालं की पालक एक तर सगळं काढून टाकतात, नाहीतर इंटरनेटवरून एखादं लपून काम करणारं पाळतीचं सॉफ्टवेअर आणून वर चढवतात. इतक्या टोकाला जायची गरज नसते. बिघाड शोधता येतो आणि नेमकं कारण सापडलं की तो बहुधा परत येत नाही.

मी शाळेच्या संगणक कक्षाचं काम बघते, त्यामुळे पालकसभा संपल्यावर हा विषय घेऊन थांबणारे आईबाबा मला नेहमी भेटतात. इथे मी विंडोज १० आणि ११ वर चालणाऱ्या मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टीबद्दल लिहिते आहे. त्याच्या मूळ सोयी फुकट आहेत आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत तेच लावलेलं असतं. तुमच्याकडे दुसरं काही असेल तरी तपासायचा क्रम हाच ठेवा: खातं, घड्याळ, मंजुरी, ब्राउझर. सॉफ्टवेअर बदलायचा विचार त्यानंतर.

मूल नक्की कोणत्या खात्यात बसलं आहे?

मर्यादा लागते ती खात्याला. लॅपटॉप तोच असला तरी मूल दुसऱ्या खात्यातून आत गेलं की फॅमिली सेफ्टीच्या लेखी ते संगणकावर बसलेलंच नाही. अहवालातल्या त्या शून्य मिनिटांचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो.

आपल्याकडे घरात एक संगणक, त्यावर बाबांच्या नावाचं एकच खातं आणि पासवर्ड सगळ्यांना पाठ, ही रीत जुनी आहे. फॅमिली सेफ्टी लावताना मुलाचं वेगळं खातं काढलं जातं, पण बाबांचा पिन तोच राहतो. मुलांना तो माहीत असतोच. म्हणून पहिलं काम म्हणजे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या खात्याचा पिन बदलणं. जन्मवर्ष, गाडीचा नंबर, सोसायटीच्या गेटचा नंबर नको. लॅपटॉपला बोटाचा ठसा लागत असेल तर 'साइन-इन ऑप्शन्स'मध्ये जाऊन बाबांच्या खात्यातले सगळे ठसे काढा आणि नव्याने नोंदवा. विंडोज एका खात्यात अनेक बोटं नोंदवू देतं, पण बोट कोणाचं ते विचारत नाही. लॅपटॉप नवा असताना कौतुकाने मुलाचंही बोट त्यात नोंदवलं गेलं होतं, हे घरात कोणाच्या लक्षातही नसतं.

मग मुलाला शेजारी बसवा आणि त्याच्या रोजच्या पद्धतीने लॉगिन करायला सांगा. 'सेटिंग्ज', त्यात 'अकाउंट्स', त्यात 'युअर इन्फो'. नावाखाली 'लोकल अकाउंट' असं लिहिलेलं दिसलं तर शोध तिथेच संपला. लोकल खातं म्हणजे फक्त त्याच यंत्रापुरतं खातं. ते कुटुंबाच्या गटाशी, म्हणजे फॅमिली सेफ्टीत तुम्ही जोडलेल्या घरच्या खात्यांशी, जोडलेलंच नसतं, त्यामुळे त्याला कोणतीही मर्यादा लागत नाही. ईमेल दिसत असेल तर तो गटातल्या ईमेलशी अक्षर न् अक्षर पडताळून पाहा. मुलांची मायक्रोसॉफ्ट खाती दोन-दोन निघतात. एक तुम्ही काढून दिलेलं, दुसरं माइनक्राफ्टसाठी त्याने स्वतः काढलेलं. शाळेने दिलेलं खातं असेल तर ते कुटुंबाच्या गटात घेताच येत नाही. शाळेच्या किंवा कार्यालयाच्या खात्यांना तिथे प्रवेश नाही.

त्याच पानावर 'व्हेरिफाय' असा शब्द दिसतोय का तेही बघा. दिसत असेल तर खातं खरं आहे, पण या यंत्रावर त्याची ओळख पटवायची राहिली आहे. तोवर तुम्ही फोनवरून केलेले बदल लॅपटॉपपर्यंत नीट पोचतीलच असं नाही. पासवर्ड बदलल्यावर हे बऱ्याचदा होतं. 'व्हेरिफाय' दाबा, ईमेलवर किंवा फोनवर येणारा कोड घाला आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. शट डाऊन नको, रीस्टार्टच. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाऊन करून पुन्हा सुरू केल्यावर आतली बरीच स्थिती जशीच्या तशी परत येते. तपासणी करताना याने फसायला होतं.

मर्यादा पुन्हा पुन्हा सुटण्याचं आणखी एक कारण म्हणजे लॅपटॉप फॉरमॅट मारून आणलेला असणं. दुकानातला मुलगा त्याच्या सोयीसाठी 'युजर' किंवा 'ॲडमिन' नावाचं लोकल खातं काढतो, त्याला सगळे अधिकार देतो, पासवर्ड ठेवत नाही आणि यंत्र तुमच्या हातात देतो. त्याची चूक म्हणता येणार नाही, त्याला दुरुस्ती करून द्यायची असते. घरी आल्यावर मूल त्याच उघड्या खात्यात बसतं. शिवाय यंत्राचं नाव बदललेलं असतं. 'डेस्कटॉप' किंवा 'लॅपटॉप' आणि पुढे काही निरर्थक अक्षरं असं नाव विंडोज आपलं आपण देतं. फोनवरच्या यादीत तेच यंत्र आता दोनदा दिसायला लागतं आणि तुम्ही जुन्या, निर्जीव नोंदीकडे बघत बसता. म्हणून फॉरमॅटनंतर दुकानातून आलेलं ते लोकल खातं काढून टाका, यंत्राला घरात ओळखू येईल असं नाव द्या आणि फोनवरच्या यादीतली जुनी नोंद पुसा.

आता अधिकारांकडे. 'अकाउंट्स'मध्ये 'फॅमिली' आणि 'अदर युजर्स' अशा दोन याद्या आहेत. मुलाच्या नावापुढे 'ॲडमिनिस्ट्रेटर' दिसत असेल तर बाकी कशालाच अर्थ नाही. ॲडमिन असलेल्याला दोन मिनिटांत नवं लोकल खातं काढता येतं. ते बदलून 'स्टँडर्ड युजर' करा. मुलं याला विरोध करतात, कारण गेम बसवताना दरवेळी मोठ्यांचा पिन लागतो. त्रास खरा आहे, पण तेवढा सोसायला हवा. पिन मात्र स्वतः येऊन टाका, दुसऱ्या खोलीतून ओरडून सांगू नका. दोन्ही याद्यांत अनोळखी नाव दिसलं तर ते कोणाचं हे शांतपणे विचारा. ते खातं लगेच काढलं तर त्यातल्या फायली जातील आणि त्यात शाळेचा प्रकल्पही असू शकतो.

घड्याळ बरंच काही सांगतं

खातं ठीक आहे, अधिकार ठीक आहेत, तरी रात्री नऊला बंद व्हायचा लॅपटॉप चालूच राहतो, किंवा उलट भर दुपारी 'वेळ संपली' म्हणून बंद होतो. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ आणि तुमच्या मोबाइलवरचं घड्याळ शेजारी धरा. किती फरक आहे ते कागदावर लिहा. त्या आकड्यावरून कारण बऱ्यापैकी कळतं.

फरक साडेबारा किंवा साडेतेरा तासांचा असेल तर विंडोज अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेवर चाललं आहे. नव्याने विंडोज टाकताना प्रदेश नीट निवडला नाही की हाच वेळेचा पट्टा (टाइम झोन) राहून जातो. हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तिथे त्याच दिवशीचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. साहजिकच रात्री नऊचं कुलूप लागणार नाही. 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये 'डेट अँड टाइम' उघडा आणि 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' असं लिहिलेला, पुढे साडेपाच तास दाखवणारा पट्टा निवडा.

इथे एक गोष्ट पालकांना माहीत नसते आणि मुलांना माहीत असते. विंडोजमध्ये साध्या, 'स्टँडर्ड' खात्याला तारीख-वेळ बदलता येत नाही, पण वेळेचा पट्टा बदलता येतो. प्रवासात लॅपटॉप नेणाऱ्यांची सोय म्हणून ही मुभा दिलेली आहे. पट्टा लंडनचा केला की घड्याळ साडेपाच तास मागे जातं (उन्हाळ्यात साडेचार), आणि घड्याळाच्या वेळेवर बांधलेली मर्यादा त्याबरोबर सरकू शकते. विंडोजची 'प्रो' आवृत्ती असेल तर 'लोकल सिक्युरिटी पॉलिसी'मधल्या 'युजर राइट्स असाइनमेंट'मध्ये जाऊन 'चेंज द टाइम झोन' या हक्कातून 'युजर्स' हा गट काढता येतो. 'होम' आवृत्तीत ही खिडकीच नाही. तिथे 'अमुक ते अमुक वेळेत' या नियमाबरोबर 'दिवसाला एकूण इतके तास' हा नियमही लावा. एक सरकला तरी दुसरा काही प्रमाणात टिकतो.

फरक नेमका साडेपाच तासांचा आहे आणि पट्टा मात्र भारताचाच आहे, असं दिसलं तर मी पहिला प्रश्न पेन ड्राइव्हबद्दल विचारते. लिनक्स (विंडोजऐवजी चालवता येणारी दुसरी कार्यप्रणाली) संगणकाच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ ठेवतं. पेन ड्राइव्हवरून उबुंटूसारखं लिनक्स चालवून परत विंडोजमध्ये आलं की विंडोज ती जागतिक वेळ आपलीच समजतं आणि साडेपाच तास मागे पडतं. इंटरनेट लागलं की थोड्या वेळाने आपोआप सुधारतं, म्हणून हा पुरावा पटकन पुसलाही जातो. लिनक्समध्ये असताना फॅमिली सेफ्टी अस्तित्वातच नसतं, काही नोंदलं जात नाही. 'सिक्युअर बूट' (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) चालू असल्याने हे अडेल अशी समजूत आहे, ती चूक आहे. उबुंटू सिक्युअर बूट चालू असतानाही सुरू होतं. अडवायचंच असेल तर बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, यंत्राच्या मूळ सेटिंग्जना) पासवर्ड लावून बाहेरच्या ड्राइव्हवरून सुरू होणं बंद करावं लागतं. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने स्वतः शिकून हे केलं असेल तर मी आधी त्याला लिनक्सबद्दल विचारेन. ज्याच्या हाताला एवढं येतं त्याला अजून एक कुलूप लावण्यापेक्षा संगणकावर करण्यासारखं खरं काम देणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

तिसरी शक्यता जुन्या डेस्कटॉपची. घड्याळ काही तास चुकत नाही, थेट कित्येक वर्षं मागे जातं, आणि तेही मुख्य बटण बंद करून ठेवल्यावर. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपला आहे. बहुतेक यंत्रांत तो सीआर २०३२ असतो, तीन व्होल्टचा, घड्याळाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात मिळतो. तारीख एवढी चुकली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं विंडोजला अवैध वाटतात, जोडणी नाकारली जाते आणि फॅमिली सेफ्टीला नवे नियम मिळत नाहीत. तारीख हाताने नीट केली की सगळं सुरळीत होतं, दुसऱ्या दिवशी परत तेच. "रोज सकाळी बिघडतं" असं कोणी सांगितलं की आधी सेल बदला.

जास्तीची वेळ कोण देतंय?

वेळ संपली की मुलाच्या पडद्यावर जास्तीची वेळ मागायची सोय येते. ती विनंती गटातल्या प्रत्येक 'ऑर्गनायझर'ला जाते, म्हणजे आईलाही आणि बाबांनाही. आई नाही म्हणते, बाबा गाडीत बसल्या बसल्या 'एक तास' दाबून मोकळे होतात. आई मग मला सांगते की सॉफ्टवेअर नीट चालत नाही. बाबांचा जुना फोन आजोबांकडे गेला असेल आणि त्यात ॲप तसंच राहिलं असेल तर मंजुरी आजोबाही देतात, नातवासाठी आनंदाने देतात. ॲपमध्ये त्या दिवसाच्या विनंत्या आणि मंजुऱ्या बघा, जुन्या फोनांतून साइन आउट करा आणि मंजुरी कोणी द्यायची ते घरात आधी ठरवून घ्या.

क्रोम उघडतं आणि लगेच बंद होतं

वेबसाइटची चाळणी लावली की ती फक्त मायक्रोसॉफ्ट एजमध्ये काम करते. म्हणूनच ती लावल्यावर बाकीचे ओळखीचे ब्राउझर अडवले जातात. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. शाळेचं काम गूगल क्लासरूमवर असेल तर तेही एजमध्ये उघडतं, त्यासाठी क्रोम लागत नाही.

जून २०२५ मध्ये मात्र खरा बिघाड झाला होता. चाळणी लावलेल्या खात्यांत क्रोम उघडताक्षणी, काही न सांगता, मिटायला लागलं. पालकांकडे परवानगीची विनंतीच येईना. मायक्रोसॉफ्टने तो प्रश्न मान्य केला आणि तात्पुरता उपाय सांगितला: मुलाच्या पानावर विंडोजच्या रकान्यात 'ॲक्टिव्हिटी रिपोर्टिंग' चालू करा, म्हणजे विनंती पालकांपर्यंत पोचेल. आजही तसंच काही दिसलं तर आधी हे बटण बघा आणि विंडोज अद्ययावत करा. विंडोज १० वर असाल तर त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हेही ध्यानात असू द्या.

त्या काळात अनेक घरांनी वेगळाच मार्ग धरला. क्रोम चालावं म्हणून चाळणीच बंद केली आणि ती परत चालू करायची राहून गेली. काही मुलांना क्रोमच्या फाइलचं नाव बदललं की ते चालतं हे समजलं. तुमच्या अहवालात वेळ दिसते पण एकही वेबसाइट दिसत नाही, असं असेल तर 'कंटेंट फिल्टर्स'मध्ये जाऊन चाळणी अजून बंदच आहे का ते बघा.

लहान मुलांसाठी राउटरवर आणखी एक थर लावून ठेवावा असं मी सुचवते. राउटरच्या डीएनएसच्या (वेबसाइटचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) रकान्यात क्लाउडफ्लेअर या कंपनीचे १.१.१.३ आणि १.०.०.३ हे पत्ते घातले की प्रौढांसाठीच्या आणि घातक वेबसाइट घरातल्या सगळ्याच यंत्रांना उघडेनाशा होतात. ब्राउझरमधलं 'सिक्युअर डीएनएस' वेगळ्या सेवेवर लावलेलं असेल तर हा थर चुकवला जातो, आणि मोबाइलचा हॉटस्पॉट घेतला तर राउटरचा संबंधच उरत नाही. तरी चुकून काही समोर येण्यापासून सात-आठ वर्षांच्या मुलाला वाचवायला एवढं पुष्कळ आहे.

संशय असेल तर विंडोजची स्वतःची नोंद वाचा

अहवाल आणि डोळ्यांनी दिसतं ते जुळत नसेल तर भांडण्याआधी 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा. विंडोज दिवसभर काय झालं ते स्वतःसाठी लिहून ठेवतं, त्याला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. 'विंडोज लॉग्ज'मध्ये 'सिस्टम' निवडा, उजवीकडच्या 'फिल्टर करंट लॉग'वर जा आणि क्रमांकांच्या रकान्यात स्वल्पविराम देऊन हे घाला: ७००१, ७००२, ४२, १, ५०६, ५०७, ६००५, ६००६, १०४. यंत्रावर अर्थातच नेहमीचे इंग्रजी अंक टाका.

७००१ म्हणजे कोणीतरी लॉगिन केलं, ७००२ म्हणजे लॉग ऑफ. ४२ म्हणजे यंत्र झोपलं. १ हा क्रमांक दोन ठिकाणांहून येतो: स्रोत 'पॉवर-ट्रबलशूटर' असेल तर यंत्र जागं झालं, 'कर्नल-जनरल' असेल तर घड्याळाची वेळ बदलली, आणि त्या नोंदीत जुनी आणि नवी दोन्ही वेळ असते. नव्या लॅपटॉपमध्ये झोपेची पद्धत निराळी आहे, तिथे ५०६ आणि ५०७ दिसतील. ६००५ आणि ६००६ म्हणजे विंडोज सुरू झालं आणि बंद झालं. १०४ दिसला तर कोणीतरी नोंदवही पुसली आहे.

हे वाचताना एक जपा. झाकण मिटलेल्या लॅपटॉपचं मध्यरात्री जागं होणं म्हणजे मूल उठून खेळत होतं असं नाही. विंडोजचं अपडेटही यंत्राला उठवतं. त्या वेळेच्या आसपास ७००१ आहे का बघा. आणि झोपेतून उठवून थेट पिन टाकला तर नवं ७००१ येत नाही, तेव्हा एका ओळीवरून निकाल देऊ नका. मी हे कळकळीने सांगते, कारण नोंद चुकीची वाचून मुलावर खोटेपणाचा आरोप झालेला मी पाहिला आहे, आणि ते मूल पुढे बराच काळ घरात काही सांगेनासं झालं.

खातं, घड्याळ, ब्राउझर सगळं ठीक आणि तरी अहवाल रिकामा असेल तर 'टास्क शेड्युलर' उघडून 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज', 'शेल' असं आत जा. तिथे 'फॅमिली सेफ्टी मॉनिटर' आणि 'फॅमिली सेफ्टी रिफ्रेश टास्क' ही दोन कामं असतात. त्यापुढे 'डिसेबल्ड' असेल तर 'एनेबल' करा. लॅपटॉप हलका आणि वेगवान करून देतो म्हणून चालवलेल्या स्क्रिप्ट अशी कामं बंद करून टाकतात. 'सर्व्हिसेस'च्या यादीत 'पॅरेंटल कंट्रोल्स' ही सेवा 'मॅन्युअल'वर असते, ते बरोबर आहे, तिला छेडू नका.

लपून बसणारं सॉफ्टवेअर आणू नका

इथवर आलेले काही पालक विचारतात, की दर मिनिटाला पडद्याचा फोटो काढणारं, मुलाला कळणारही नाही असं काही टाकून द्या ना. मी ते कधीच टाकून देत नाही आणि कोणी टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिलं कारण तांत्रिक. असं सॉफ्टवेअर विंडोज डिफेंडरला, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसला, घातक वाटतं आणि ते त्याला पकडतं. मग माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे पालक डिफेंडरमध्ये अपवाद घालतात, कधी डिफेंडरच बंद करतात. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात त्याचं दार असं उघडं ठेवलं जातं.

दुसरं कारण म्हणजे ते फोटो जातात कुठे. पीसीटॅटलटेल नावाचं एक अमेरिकन सॉफ्टवेअर मुलांवर आणि कर्मचाऱ्यांवर नजर ठेवायला विकलं जायचं, ते पडद्याचे फोटो स्वतःच्या सर्व्हरवर साठवायचं. मे २०२४ मध्ये ते फोडलं गेलं आणि कंपनी बंद झाली. एप्रिल २०२५ मध्ये वर्ककंपोझर या कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचे २ कोटी १० लाखांहून अधिक पडद्याचे फोटो इंटरनेटवर उघड्यावर सापडले, त्यांना पासवर्डसुद्धा नव्हता. आपल्या मुलीच्या खासगी गप्पांचे आणि घरातल्या पासवर्डांचे फोटो अशा ठिकाणी जमा करायला आपणच पैसे द्यायचे, हे मला पटत नाही.

आणि तिसरं, मूल ते शोधून काढतंच. त्यानंतर तुम्ही लावलेली साधी, उघड मर्यादाही त्याला फसवणूक वाटायला लागते.

मोठ्या मुलांच्या बाबतीत तर नुसती नोंद पुरते. ॲक्टिव्हिटीवॉच नावाचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. कोणत्या खिडकीवर किती वेळ गेला ते टिपतं आणि सगळी माहिती त्याच यंत्रावर ठेवतं. दहावी-अकरावीच्या मुलांनी स्वतःसाठी लावावं असं मी सांगते. आठवड्याचा आलेख त्यांनीच उघडून बघायचा, वाटलं तर दाखवायचा. तीन मिनिटं कळफलक-माउस हलला नाही की ते 'जागेवर नाही' असं धरतं, त्यामुळे व्हिडिओवरचं व्याख्यान ऐकलेला वेळ गळतो. अभ्यासाचा वेळ कमी दिसला तर आधी हे आठवा.

कार्यालयाच्या लॅपटॉपवर हे काहीच करू नका

आईचा किंवा बाबांचा कंपनीने दिलेला लॅपटॉप रविवारी मुलाच्या हाती जातो. त्यावर फॅमिली सेफ्टी लावायचा प्रयत्न करू नका, मुलाचं खातं काढू नका. अशा यंत्रावर कंपनीची व्यवस्था असते, लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअरही असू शकतं, आणि मुलाने उघडलेला प्रत्येक गेम तुमच्या नावाने नोंदला जाऊ शकतो. मुलासाठी जुना का होईना, वेगळा लॅपटॉप असू द्या.

शेवटचा उपाय: खातं काढून नव्याने जोडणं

वरचं सगळं करूनही मर्यादा टिकत नसेल तर त्या लॅपटॉपवरून मुलाचं खातं काढून पुन्हा जोडावं लागतं. खातं काढताना विंडोज त्याच्या डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स सगळ्यावर पाणी सोडतं. म्हणून आधी त्या फायली पेन ड्राइव्हवर घ्या. माइनक्राफ्टची जगं या फोल्डरांत नसतात, ती कुठे आहेत ते मुलालाच विचारून घ्या. त्याने वर्षभर बांधलेलं काही उडवलंत तर पुढच्या बोलण्याला जागा राहणार नाही.

मग स्वतःच्या ॲडमिन खात्यातून मुलाचं खातं काढा, रीस्टार्ट करा, 'फॅमिली'च्या यादीतून गटातल्याच ईमेलने ते परत घ्या. मुलाला इंटरनेट चालू असताना एकदा लॉगिन करू द्या, 'व्हेरिफाय' उरलं असेल तर पुरं करा, वेळेचा पट्टा तपासा. लगेच चाचणी घ्या. फोनवरून त्या दिवसाची मर्यादा अर्ध्या तासाची करा, बदल लॅपटॉपपर्यंत पोचायला थोडा वेळ द्या आणि मुलाच्या शेजारी बसा. वेळ संपत आल्याची सूचना पडद्यावर आली पाहिजे, वेळ संपल्यावर खातं बंद झालं पाहिजे आणि मुलाने केलेली विनंती तुमच्या फोनवर पोचली पाहिजे. तिन्ही झालं की खरी मर्यादा लावा. किती तासांची, ते त्याच बैठकीत मुलाशी बोलून ठरवा.